कडेला कोण उभं राहणार?

मंगल कार्यालयातल्या स्टेजवर शेवटी जो घरच्यांचा ग्रुप फोटो होतो, त्यात दोन्ही टोकांना कोण येतं याकडे कधी लक्ष दिलंय? नवरा-नवरी मधे, आईवडील त्यांना खेटून, मग काका-काकू, मामा-मामी. आणि टोकाला, ज्यांना कुणी हाताला धरून मधे ओढलं नाही अशा आत्या, मावश्या, चुलत चुलते. वयानं पोक्त, अंगानं भरलेली, स्वभावानं मागे राहणारी माणसं. अल्बम घरी आला की त्यातल्याच एखाद्या आत्याबाई म्हणतात, "अगं बाई, मी एवढी सुटलेय?" तेवढ्या सुटलेल्या नसतात. वाढीव अंग आम्ही दिलेलं असतं.

स्टेजसमोर फोटोग्राफरला जागा किती असते? पाठीला खुर्च्यांची पहिली रांग, बाजूला व्हिडिओवाला आणि त्याचा लाइट. मागे सरकता येत नाही आणि वीस-पंचवीस माणसं मावलीच पाहिजेत, म्हणून २४ मिलिमीटरची वाईड लेन्स लागते. ही लेन्स मध्यभागी चेंडू गोल दाखवते. डाव्या-उजव्या काठावर मात्र तोच चेंडू सुमारे २५ टक्के आडवा ताणला जातो. ३५ मिलिमीटरला हा ताण १२-१३ टक्क्यांवर येतो, ५० मिलिमीटरला जेमतेम ६ टक्के उरतो. लेन्स सदोष असते असं नाही, उलट महागातली लेन्स हे काम जास्त चोख करते. सरळ रेषा सरळच दिसल्या पाहिजेत अशी अट आपण तिला घातलेली असते आणि त्या अटीची किंमत कडेच्या गोल वस्तू मोजतात. माणसाचं डोकं, दंड, पोट हे सगळं गोलात मोडतं. कॉम्प्युटरवर हा ताण काढता येतो, पण मग आत्याबाईंच्या मागचा खांब वाकतो. खांब सरळ ठेवायचा की आत्या, एवढाच प्रश्न असतो.

एक गंमत सांगतो. या फोटोची १८ इंच रुंदीची प्रिंट काढा आणि एक डोळा मिटून, मधोमध समोर, बरोबर १२ इंचांवरून बघा. कडेची माणसं आपापल्या मापात येतात, कारण लेन्सनं जिथून पाहिलं तिथे आता तुमचा डोळा आलेला असतो. पण लग्नाचा अल्बम नाकाला लावून कोण बघतो?

यावर आमच्या धंद्यात एक उपाय सांगतात की लोकांना अर्धवर्तुळात उभं करा. मला तो पटत नाही. अर्धवर्तुळानं टोकाची माणसं कॅमेऱ्याच्या जवळ येतात, म्हणजे आणखी मोठी होतात, आणि लेन्सशी त्यांचा कोन होता तोच राहतो. त्यापेक्षा दोन रांगा करा, खुर्च्यांची ओळ हलवून चार पावलं मागे जा आणि टोकांना कॉलेजातले उंच, हडकुळे भाचे-पुतणे उभे करा. त्यांना फुकटात अंग येतं आणि ती पोरं खूश होतात. आत्याबाईंना मात्र "तुम्ही मधे या, तुमच्याशिवाय फोटो कसा" म्हणायचं. खरं कारण सांगायचं नाही.

लोक लेन्सला दोष देतात, कॅमेऱ्याला देतात, हल्ली मोबाइलच्या कंपनीला देतात. पण कडेचा हा ताण सोडला, तर माणूस केवढा दिसणार हे फोटोग्राफर कुठे उभा आहे यावर ठरतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर धरा १२ सेंटिमीटर. हात आखडून ३० सेंटिमीटरवरून सेल्फी काढली तर नाक ३० वर आणि कान ४२ वर, म्हणजे कानाच्या मानानं नाक ४० टक्के मोठं. दीड मीटरवर गेलात की तोच फरक ८ टक्के, तीन मीटरवर ४. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये असाच हिशेब प्रसिद्ध केला होता. १२ इंचांवरच्या सेल्फीत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरते. सेल्फी दाखवून "नाक लहान करा" म्हणणारी माणसं प्लास्टिक सर्जनकडे येऊ लागली, म्हणून त्यांना हे मांडावं लागलं.

जे नाकाचं तेच पोटाचं. मी सांगलीत ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या अण्णांच्या स्टुडिओत याशिका मॅट १२४ जी होता. दोन डोळ्यांचा, वरून मान खाली घालून बघायचा कॅमेरा, ८० मिलिमीटरची लेन्स, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यात उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावायचा तर नऊ-दहा फूट मागे जावंच लागे. स्टुडिओची खोली लांबोडकी असायची ती त्यासाठी. आणि कॅमेरा धरला जायचा पोटाशी, म्हणजे समोरच्याच्या कमरेच्या उंचीवर. डोकं आणि पाय लेन्सपासून सारख्याच अंतरावर, कॅमेरा ना वर कललेला ना खाली. त्या काळातले फुल साइज फोटो बघा, माणसं उंच आणि शेलाटी दिसतात. लोक म्हणतात, तेव्हाचं खाणंपिणं वेगळं होतं. असेलही. कॅमेरा धरायची उंचीही वेगळी होती.

आज मोबाइलची मुख्य लेन्स जुन्या मापानं २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असते. उभा माणूस तिच्यात साडेचार फुटांवरच मावतो. काढणारा मोबाइल डोळ्यासमोर धरतो आणि पाय यावेत म्हणून खाली कलवतो. डोकं मोठं, पाय आखूड, माणूस बुटका. शिवाय खांद्यांच्या पुढे वीतभरही नसलेलं पोट, समजा १५ सेंटिमीटर, साडेचार फुटांवर १२-१३ टक्क्यांनी फुगतं. दहा फुटांवर तेच ५ टक्क्यांवर येतं. वजनकाटा तोच, आहार तोच. आमच्या पोरींना यातलं गणित माहीत नसलं तरी उपाय ठाऊक आहे. मोबाइल उलटा करून गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि पाय फ्रेमच्या खालच्या काठाशी आणायचे. जो ताण आत्याबाईंना आडवा करतो तोच इथे पायांना लांब करतो.

अण्णांकडे सगळ्यात नाजूक काम म्हणजे स्थळासाठीचे फोटो. पत्रिकेबरोबर पोस्टकार्ड साइजचा एक फोटो मुलाकडे जायचा आणि पुष्कळ गोष्टी त्या कागदावरच ठरायच्या. मुलीची आई काउंटरवर हळूच म्हणायची, "अंगानं जरा बेताची दिसू दे." कधी उलटंही असे, "फार किडकिडीत दिसते हो, जरा भरलेली दिसेल असं बघा." अण्णा दोघींनाही "बघतो" म्हणायचे आणि खरंच बघायचे. पहिलीला तिरकी उभी करायची, भार मागच्या पायावर, हनुवटी किंचित पुढे आणि खाली. हात शेजारच्या कुंडीच्या स्टँडवर, म्हणजे कोपर अंगापासून सुटतो आणि दंड व कंबर यांच्यामधून मागचा पडदा दिसतो. ती प्लास्टिकची फुलं शोभेसाठी आहेत असं मी बरीच वर्षं समजत होतो. त्यांचं काम हात लांब ठेवण्याचं होतं. उजेड चेहऱ्याच्या पलीकडच्या बाजूनं द्यायचा, की जवळचा गाल सावलीत जातो आणि चेहरा निमुळता होतो. दुसरीला समोरासमोर उभी करायची, दोन्हीकडून सारखा उजेड, अंगावर कडक इस्त्रीची काठापदराची साडी. यातलं काहीच खोटं नव्हतं आणि यातलं काहीच आपोआप घडत नव्हतं. शेवटी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालायची, तीही बहुधा मुरमांच्या डागांपुरती.

मग जितकं लांब तितकं बरं, असं वाटेल. तसंही नाही. लांब गेलं की नाक आवरतं, पण चेहरा सपाट होतो. जवळून गालांच्या मागे लपलेले कान आणि जबड्याचे कोपरे लांबून पुरे उघडे पडतात आणि चेहरा रुंद दिसतो. २०० मिलिमीटरची टेली लावून हॉलच्या दुसऱ्या टोकावरून काढलेले फोटो गोल चेहऱ्याच्या नवरीवर अन्याय करतात, पार्श्वभूमी कितीही लोण्यासारखी धुरकट आली तरी. तिच्यासाठी मी ८५ लावून पाच-सहा फुटांवर जातो. लांबुडक्या, बसलेल्या गालांच्या माणसापासून मात्र दूर राहतो. टीव्हीवर क्रिकेट बघताना २२ यार्डांची खेळपट्टी आखूड वाटते आणि पलीकडचा फलंदाज अलीकडच्या गोलंदाजाएवढाच दिसतो, त्याचं कारणही कॅमेरा फार लांब असतो हेच.

शिवाय आपल्याला डोळे दोन आणि कॅमेऱ्याला एक. अंगठा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरून मागच्या भिंतीकडे बघा, आधी दोन डोळ्यांनी, मग एकानं. दोन डोळे अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी मागे डोकावतात, त्यामुळे त्यानं झाकलेली भिंत कमी होते. एका डोळ्याला तो पुऱ्या रुंदीचा आडोसा वाटतो. समोरासमोर गप्पा मारताना जो माणूस बेताचा वाटतो, तो फोटोत पसरतो याचं थोडं श्रेय याला द्यायला हवं. त्यात लग्नातला समोरून मारलेला फ्लॅश सावल्याच पुसून टाकतो. सावली गेली की गोलाई गेली, उरते ती नुसती रुंदी.

"पण आरशात मी अशी दिसत नाही," हे वाक्य तर रोजचं आहे. त्यात तथ्य आहे. आरशापासून दोन फुटांवर उभं राहिलं तर आपली प्रतिमा काचेच्या मागे आणखी दोन फुटांवर असते, म्हणजे आपण स्वतःला चार फुटांवरून बघतो. १२ इंचांवरच्या सेल्फीपेक्षा चौपट लांबून. आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर स्वतःच्या चेहऱ्याची कड बोटानं गिरवून पाहा, ती चेहऱ्याच्या निम्म्याच मापाची भरते. आणि आरशासमोर माणूस नकळत पोट आत घेतो. फोटोत मात्र तो पकडला जातो.

सगळ्यात मोठी सूज मात्र टीव्हीनं आणली. घरोघरी लांबट एलसीडी आले तेव्हा लोक लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटच्या सीडी करून घेत होते. कॅसेटवरचं चित्र चारास तीन, पडदा सोळास नऊ. टीव्ही इमानदारीनं चित्र ताणून पडदा भरायचा, म्हणजे सबंध वऱ्हाड एक तृतीयांशानं रुंद. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, "सीडी करताना तुम्ही सगळ्यांना जाड केलंत." रिमोटवरचं एक बटण दाबलं की माणसं परत मापात यायची, पण बाजूला काळे पट्टे यायचे. त्यावर ठरलेलं उत्तर: एवढे पैसे टाकून घेतलेल्या टीव्हीवर पट्टे कशाला? घरंच्या घरं वर्षानुवर्षं जाड निवेदक आणि जाड नायिका बघत राहिली आणि कुणाचं काही अडलं नाही.

सिनेमावाल्यांना हा ताप आधीच होऊन गेला होता. १९५३ मध्ये हॉलिवूडमध्ये सिनेमास्कोप आला. त्याची लेन्स चित्र आडवं निम्म्यावर दाबून फिल्मवर घ्यायची आणि प्रोजेक्टर ते दुप्पट पसरायचा. क्लोजअपमध्ये मात्र लेन्सचा दाब कमी पडायचा आणि प्रोजेक्टर दुप्पटच पसरायचा, मग नट-नट्यांचे चेहरे फुगायचे. तिकडचे लोक याला गालगुंड म्हणत. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप १९५९ चा 'कागज के फूल', कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून नियम आहे की जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग सॉफ्टवेअरनं बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं छापायचं. नॉर्वेनंही २०२१ मध्ये असाच कायदा केला. नियम चांगले आहेत. फोटोशॉपमध्ये २००० साली लिक्विफाय आलं तेव्हापासून आमच्या अल्बम डिझाइनरांच्या बोटांना खाज सुटलेली मी पाहिली आहे; एका नवरीची कंबर चेपताना मागच्या दाराची चौकटही आत गेलेली पाहिली आहे. पण हे कायदे बटण दाबल्यानंतरच्या फेरफारापुरते. बटण दाबण्याआधी मी दहा फुटांवर उभा राहिलो की साडेचार, कॅमेरा कमरेशी धरला की डोळ्याशी, हे छापायला कुणी सांगत नाही. सांगितलं तर आम्हाला प्रत्येक फोटोखाली चार ओळी लिहाव्या लागतील.

मध्यंतरी एक वहिनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. मुलानं घरातच काढलेला, चार-साडेचार फुटांवरून. "पोट तेवढं कमी करून द्या," म्हणाल्या. मी असं करत नाही, असं सांगून वर हे सगळं पुराण ऐकवलं. अंतर, नाक, कान, टक्के. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे यातले बारा-तेरा टक्के मोबाइलचे आणि उरलेलं माझं?"

"साधारण तसंच."

"मग मोबाइलचं तेवढं काढा. माझं राहू दे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजून काढलं, एक टक्काही जास्त नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. हातात त्यांचा स्वतःचा फोटो, सहलीतला, बसमध्ये शेजारच्या सीटवरून काढलेला. म्हणाले, "हिचे तेरा निघाले म्हणे. माझे किती निघतात बघा."