पायाखालची फरशी

घराच्या रंगाविषयी माणसे चारचौघांत हौसेने बोलतात. फरशीविषयी मात्र मिस्त्री दारात उभा राहीपर्यंत कोणी चकार शब्द काढीत नाही. पूर्णा जंक्शनजवळच्या आमच्या घरातही हा विषय कधी निघाला नव्हता. आमचे वडील रेल्वेत होते. मीटरगेजच्या काळात त्यांनी हे तीन खोल्यांचे घर बांधले आणि त्यात शहाबादी फरशी घातली. मराठवाड्यात त्या वेळी दुसरा विचार फारसा कोणी करीत नसे. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथराने सुटतो, म्हणून स्वस्त पडतो. शहाबाद आणि परभणी दोन्ही एकेकाळी निजामाच्या राज्यात होती. 1956 साली एक म्हैसूर राज्यात गेले व दुसरे मुंबई राज्यात आले; दगडाने ती सीमा काही मानली नाही.

ही फरशी काढावी, असे प्रथम म्हणाल्या आमच्या सूनबाई. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सांध्यांतला सिमेंट उडालेला, त्यात काळा मळ बसलेला, आणि तो ब्रशने घासण्याचे काम रोज त्यांच्याच वाट्याचे. त्यातच आमच्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ती वॉकर घेऊन चालू लागली आणि वरखाली झालेल्या फरश्यांच्या कडांत वॉकरचे पाय अडकू लागले. डॉक्टरांनी बजावले होते, आता दुसऱ्यांदा पडणे परवडायचे नाही.

तरीही आईने नकार दिला. ‘‘याच फरशीवर गुडघे टेकून तुम्ही सगळे रोझरी शिकलात,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तुझ्या बापाची पेटीही इथेच ठेवली होती.’’ यावर आम्ही उभयता काय बोलणार?

शेवटी नांदेडला जाऊन टाइल्स पाहून तरी यावे, असे ठरले. दुकानात शिरताच डोळे दिपले. एकेकाळी एक फूट चौरस फरशी मोठी वाटे. आता दोन बाय चार फुटांचे एकेक पान भिंतीला टेकवून ठेवलेले. लाकडाच्या पट्टीसारखी दिसणारी टाइल, सिमेंटच्या कोब्यासारखी दिसणारी टाइल, दोन पाने जोडली की संगमरवराची शीर या बाजूची त्या बाजूला आरशातल्यासारखी उमटणारी टाइल. एका कोपऱ्यात पांढऱ्या जमिनीवर रंगीत खडे शिंपडल्यासारखा नमुना होता. दुकानदार त्याला ‘टेराझो’ म्हणाला व ही सध्याची सर्वांत नवी फॅशन असल्याचे सांगू लागला. आम्हांला हसू आले. रेल्वे क्वार्टरमधली मोझॅक आणि ही यांत फरक एवढाच, की तिच्यात दगडाची खरी चिप असे आणि हिच्यात तिचे छापील चित्र.

यांतला बहुतेक माल गुजरातेतील मोरबीहून येतो. व्हिट्रिफाइड टाइल इतकी घट्ट भाजलेली असते, की ती स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषीत नाही. म्हणून तिच्यावर डाग बसत नाही. आणि म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही, तिला रासायनिक चिकटा लागतो. चकचकीत टाइल ओली झाली की पाय सरकतो. खरखरीतपणाचे आर 9 ते आर 13 असे क्रमांक असतात. न्हाणीघरात निदान आर 10 किंवा आर 11 पाहून घ्यावे. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे त्यांनी रंगाआधी हा आकडा विचारावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. काळी चकचकीत टाइल सूनबाईंना फार आवडली होती. पण आमच्या बोअरचे पाणी जड, त्याचे पांढरे ठिपके तिच्यावर रोज पुसावे लागले असते. त्यांनीच तिचा नाद सोडला.

घोळ झाला तो एका नक्षीच्या टाइलवर. आठ टोकांचे तारे, आणि ताऱ्यांमधल्या जागेत आपोआप उमटणारे क्रूस. दुकानात तिला ‘मोरोक्कन’ म्हणतात. परंतु तारा आणि क्रूस यांची ही जुळणी इराणात, काशान नगरीच्या कारागिरांनी तेराव्या शतकातच सिद्ध केली होती. त्यांच्या मनात क्रूस नसून भूमिती होती. सूनबाईंनी नमुना घरी आणला. आईने तो पाहिला आणि एवढेच म्हणाली, ‘‘यावर मी पाय ठेवणार नाही.’’

मुलाला हा अतिरेक वाटला. आम्हांला तसे वाटले नाही. इ. स. 427 मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने तारणाऱ्याचे चिन्ह जमिनीवर कोरण्यास वा रंगविण्यास कायद्याने मनाई केली होती. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो कायदा पूर्णेच्या या म्हातारीने ऐकलेला असणे शक्य नाही. देवळाची फरशी नक्षीदार नसावी असा याचा अर्थ मुळीच नव्हे. याच लोहमार्गाने सिकंदराबादेकडे जाताना लागणाऱ्या मेदक परिसरात प्रॉटेस्टंट बंधूंचे भव्य कॅथेड्रल आहे. 1924 च्या नाताळात त्याचे समर्पण झाले. इंग्लंडहून आणलेल्या त्याच्या रंगीत फरश्या आजही पाहत राहाव्यात अशा आहेत. नक्षीला आईचा विरोध नव्हताच. तारे-क्रूसाची ती टाइल आम्ही आठच घेतल्या व प्रार्थनेच्या कोनाड्यामागे भिंतीवर लावल्या. तिथे ती शोभते, आणि आई तिच्याकडे पाहत जपमाळ ओढते.

खोल्यांत मळखाऊ रंगाची, चकाकी नसलेली, दोन फूट चौरस टाइल बसविली. मोठी पाने घेण्यास मिस्त्रीनेच विरोध केला, आणि त्याचे कारण पटण्याजोगे होते. आमची जमीन काळ्या कापसाच्या मातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम व खडीची भर घालून ती चोपली नाही, तर वरची मोठी टाइल मधोमध तडकते. तो म्हणाला, ‘‘साहेब, पैसा वरती नाही, खालती घाला.’’ टाइलपेक्षा त्या भरावालाच अधिक दिवस लागले. आता वॉकर अडखळत नाही. मात्र मे महिन्याच्या दुपारी पाय टेकताच सुखावणारा तो जुना गारवा कमी झाला, हे सूनबाईही मान्य करतात.

जुन्या शहाबादीतल्या धड निघालेल्या फरश्या आम्ही आईच्या ओसरीत, उन्हाळ्यात ती जिथे बसते तिथे, कडा घासून व सांधे भरून पुन्हा बसविल्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर दाराजवळची एक फरशी अर्धा इंच खचली. मिस्त्रीने ती पहारीने उचलली, खाली मुरूम चोपला आणि तासाभरात जागेवर बसवून दिली. आई खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहत होती. सांधा भरताना तिने त्याला दोनदा थांबवून लेव्हल-पट्टी लावायला लावली.