कीबोर्ड काढून ठेवला की

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हे टॅबलेट-लॅपटॉप यंत्र केलेलंच नाही. पाठीमागचा स्टँड उघडला की त्याची कड पोटरीत रुतते, आणि मांडी जरा हलली की सगळा डोलारा मागे कलंडतो. तरी हे कशाला वापरतोस, असं घरचे अधूनमधून विचारतात.

त्या ‘टक्’ आवाजासाठी. चुंबकाने चिकटलेला कीबोर्ड ओढला की तो होतो आणि हातात नुसती काच उरते. टाइप करताना मी लेखाच्या बाजूचा असतो. कीबोर्ड टेबलावर टाकून, पडदा उभा धरून खिडकीपाशी आलो की तोच मजकूर परक्याचा वाटू लागतो. मघाशी देखण्या वाटलेल्या वाक्याच्या पोटात विशेषणं फुगून बसलेली दिसतात. वाढवायला बटणं नसतात. हातात पेन असतं, म्हणजे काटायचंच.

उभ्या पडद्यावर पान पानासारखं दिसतं ते ३:२ या प्रमाणामुळे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ ने २०१४ साली ते घेतलं, हे फार बरं झालं. १६:९चा पडदा उभा धरला की लेख वाचणं म्हणजे बोळातून अंग चोरत चालणं.

पेनचं सुख मात्र अर्धंच. काचेला कागदाची खरखर नाही; शिरोरेघ ओढायला जावं तर ती घसरत समासात जाते. तळवा टेकला की कधी कधी अनाहूत टिंब उमटतं, आणि मुद्रितशोधनात ते अनुस्वार म्हणून सहज खपून जाईल अशा जागी नेमकं! पेनचं टोकही आता झिजून तिरकं झालंय.

टॅबलेट आणि लॅपटॉप एक करण्याबद्दल एप्रिल २०१२मध्ये अ‍ॅपलचे टिम कुक म्हणाले होते, टोस्टर आणि फ्रिज एकत्र करता येतील, पण ते कुणाला रुचेलसं वाटत नाही. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस दाखवला, आणि २०१५मध्ये खुद्द अ‍ॅपलने आयपॅड प्रोबरोबर पेन्सिल आणि जोडायचा कीबोर्ड आणला. थट्टा तशी खरीच होती. टॅबलेट म्हणून हे जड, लॅपटॉप म्हणून अधू. मला ते चालतं, कारण माझं काम एका रूपातून दुसऱ्यात जाताना होतं.

बॅटरी आता दुपारपर्यंतही तग धरत नाही. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “काका, काच गरम करून उचकटावी लागेल. बॅटरी आत चिकटवलेली असते. तडा गेला तर मला बोलू नका. त्यापेक्षा पूर्ण दुमडणारा घ्या, कीबोर्ड सुटायची भानगडच नाही.” त्याने एक हातात दिला. पडदा मागे वळवला, तर पाठीमागे बोटांखाली सगळी बटणं लागत होती. बंद होती, पण होती.

“तू काच गरम कर,” मी म्हटलं.