मोजून घेतलेला ऑक्सिजन

आंदर मावळात पावसाची झड लागली की टाकव्याच्या खाचरांत लावणीची लगबग सुरू होते आणि माझं काम अवघड होऊन बसतं. मी सियालॉन करतो. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन एकाच स्फटिकात नांदवणारं हे सिरॅमिक. त्यात पडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या भुकटीला दमट हवा सोसत नाही. वाफ लागली की तिचं हायड्रॉक्साइड होतं आणि अमोनिया सुटतो. बरणी उघडताना तो वास आला, तर ती भुकटी मी बाजूला ठेवतो. दळणही पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये.

ऑक्सिजन मात्र शत्रू नव्हे. सिलिकॉन नायट्राइडच्या कणांवर सिलिकाचा पातळ थर असतोच. नायट्रोजन भरलेल्या भट्टीत, 1750 अंश सेल्सिअसच्या आसपास, तो मिश्रणात घातलेल्या अ‍ॅल्युमिना आणि यिट्रियाबरोबर वितळतो. त्या द्रवात कण विरघळतात आणि लांबट काड्या होऊन पुन्हा वाढतात. काड्या एकमेकींत गुंततात, म्हणून चिरेला सरळ वाट मिळत नाही. थंड होताना उरलेला द्रव कणांच्या सीमांवर काच होऊन बसतो आणि हजार अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. 1970च्या दशकाच्या आरंभी न्यूकॅसलला के. एच. जॅक यांना आणि जपानमध्ये ओयामा व कामिगाइतो यांना स्वतंत्रपणे उमगलं, की अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन सिलिकॉन नायट्राइडचा स्फटिक स्वतःतच सामावून घेऊ शकतो. मग काच कमी उरते. ऑक्सिजन कमी पडला तर भाजलेली वडी सच्छिद्र राहते, जास्त झाला तर काच वाढते. माझ्या मते सगळं कसब या हिशेबात आहे, आणि पावसाळी हवा त्यात न विचारता भर घालते.

तळेगावला 1908मध्ये उभ्या राहिलेल्या पैसा फंड काच कारखान्याशी मी माझं नातं मानतो. तिथल्या काचेत ऑक्सिजनचा अणू दोन सिलिकॉनना जोडी. माझ्या वडीतल्या काचेत नायट्रोजन तिघांना बांधतो, म्हणून ती जास्त कठीण असते.

वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम सियालॉनला सहसा चिकटत नाही. म्हणून ओतशाळांत तापमापकाची नळी त्याची करतात. तिथे सातशे अंश पुरतात. मला त्याच्या बरंच पुढे जायचं आहे. सध्या यिट्रियमच्या जागी यिटर्बियम घालतोय. त्याचा आयन लहान असतो, त्यामुळे सीमेवरची काच उशिरा मऊ पडते. एकाच मिश्रणाच्या वड्या जुलैत आणि डिसेंबरात भाजून दोन्हींतला ऑक्सिजन मोजायचं ठरवलंय.