प्रवाळाच्या टाकीतला उजेड आणि पाणी

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या पोटाची बरीचशी सोय शैवालाकडे असते. त्याच्या पेशींत झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ पाण्यातल्या अनेक कठीण प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज यातूनच भागते. याच ऊर्जेच्या बळावर प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेऊन आपला सांगाडा बांधतो. त्यामुळे घरातल्या रीफ टँकमध्ये उजेड वाढवला की सांगाड्याची वाढ वेग घेते आणि पाण्यातला क्षारांचा साठाही त्याच वेगाने उतरू लागतो. दिव्याचा विचार एकीकडे आणि पाण्याचा दुसरीकडे, असे केले की टाकी बिघडते.

समुद्राचे पाणी तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळा, आणि झूझँथेलींची रंगद्रव्येही निळ्याचाच सर्वांत चांगला उपयोग करतात. म्हणून रीफच्या दिव्यांत साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यावर भर असतो. इथे डोळा दगा देतो. माणसाची नजर हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वाधिक संवेदनशील असते. निळा दिवा तिला मंद वाटतो, तेव्हा प्रवाळ मात्र होरपळत असू शकतो. दिव्याचे वॅट किंवा लुमेन पाहूनही काही कळत नाही. मोजायचा तो प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड. त्याला पीएआर म्हणतात आणि तो दर चौरस मीटरला, दर सेकंदाला मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या आसपास जातो. टाकीत एवढा नको. मशरूम, झोअँथस, लेदर कोरल यांना ५० ते १५० पुरतात. ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. मीटर महाग असतो, पण ओळखीच्या छंदी माणसाकडून एका दिवसापुरता आणला तरी काम भागते.

एलईडीचा एक दोष आकड्यांत दिसत नाही. त्याचा उजेड एका ठिकाणाहून झोतासारखा येतो. ॲक्रोपोराच्या फांदीच्या टोकावर ३०० मायक्रोमोल पडत असताना तिच्या खालच्या बाजूला गडद सावली असते, आणि काही महिन्यांत तिथली ऊती मागे सरकून पांढरा सांगाडा उघडा पडतो. जुन्या टी-५ नळ्यांचा उजेड सगळीकडून येई, त्यामुळे हे कमी घडे. दोन लहान एलईडी दिवे अंतर ठेवून लावणे हे एका मोठ्या दिव्यापेक्षा केव्हाही बरे.

उजेड प्रमाणाबाहेर गेला की शैवालांच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे साचतात, प्रवाळ शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी तापलेले असेल तर हे कमी उजेडातही होते. टाकीचे तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचे असते. कोकणपट्टीतल्या उन्हाळ्यात पंखा पुरत नाही, चिलर लागतोच. नवा दिवा ४०-५० टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवावा. दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरतो.

पाण्याची सुरुवात नळापासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी शुद्ध मानून अनेक जण तेच वापरतात. पिण्याच्या अशा यंत्रांत चवीसाठी खनिजांचे काडतूस असते, किंवा थोडे कच्चे पाणी परत मिसळलेले असते. काही यंत्रे तर मुद्दाम तांबे मिसळतात. माणसाला ते चालते. कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना तांब्याचा अंशही मारतो. आरओनंतर डी-आयोनायझेशन रेझिन जोडून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) शून्यावर आणलेले पाणीच घ्यावे आणि त्यात रीफसाठीचे मीठ मिसळावे. खायचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, ते इथे उपयोगाचे नाही. मुंबईच्या किनाऱ्याचे पाणीही आणू नये. त्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते.

क्षारता हजारी ३५ भाग ठेवावी. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडत असेल आणि आठवडाभर कोणी भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता ३९ वर जाते. ही भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची. आपोआप भर घालणारा पंप ही चैन नव्हे, गरज आहे.

यापुढचा सर्वांत महत्त्वाचा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याचा; तो डीकेएच या एककात मोजतात. प्रवाळ सांगाड्यासाठी १ डीकेएच अल्कलिनिटी वापरतो तेव्हा लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते. म्हणजे ८ डीकेएचमधले २ गेले तर अल्कलिनिटी पाव हिश्शाने घटते. ४२० मिलिग्रॅम कॅल्शियममधून मात्र जेमतेम १४ कमी होतात. म्हणून टाकीची नाडी अल्कलिनिटीतच लागते. साध्या किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात द्रावण थेंबाथेंबाने सोडतात, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवतात आणि निळा रंग पिवळा होईपर्यंतचे थेंब मोजतात. एक थेंब म्हणजे एक डीकेएच. रोज ठरावीक वेळी ही तपासणी आठवडाभर केली की टाकीचा खर्च कळतो. मूल्य ८ असो की ९, ते स्थिर असणे महत्त्वाचे.

भरपाईचा जुना आणि आजही उत्तम मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड शून्य टीडीएसच्या पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईसाठी थेंबाथेंबाने सोडतात. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळ वापरतो त्याच प्रमाणात मिळतात. तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून घाई करू नये. ती रात्री सोडणे चांगले, कारण दिवे बंद झाल्यावर टाकीचा पीएच उतरतो. पानाला लावायचा चुना वापरू नये. त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नव्या टाकीत त्यासाठीचे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. नायट्रेट आणि फॉस्फेटही शून्य असावेत, असे पूर्वी मानत. पण झूझँथेलींना दोन्ही लागतात. उपाशी पाणी, प्रखर उजेड आणि १० च्या वरची अल्कलिनिटी एकत्र आली की फांद्यांची टोके जळतात. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ठेवणे सुरक्षित.

टाकीत काय ठेवावे यावर कायद्याचाही अंकुश आहे. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. म्हणजे त्यांना वाघाइतके संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातून असो वा अंदमानातून, प्रवाळाचा तुकडाही उचलू नये आणि कोणी विकत असेल तर घेऊ नये. कृत्रिम दगडावर टाकी उभी करावी, आणि प्रत्येक जीव घेताना विक्रेत्याकडे त्याच्या उगमाची कागदपत्रे मागावीत.