यजमान

'यजमान' हा शब्द मराठीत आणि कन्नडात सारखाच नांदतो. मूळचा तो यज्ञ करणाऱ्याचा. पुढे तो घरधन्याचा झाला. जुन्या वळणाच्या मराठी स्त्रिया 'आमचे यजमान' म्हणत, कन्नड गृहिणी आजही 'नम्म यजमानरु' म्हणते. पाहुण्याला ठेवून घेणारा हा त्याचा आणखी एक अर्थ. या सर्व अर्थांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : घर ज्याचे, तो यजमान. पण घर कशाला म्हणावे, हा प्रश्न शब्दकोश सोडवीत नाहीत.

होसकोट्यातील एका वृद्ध गृहस्थांना तो प्रश्न एका शनिवार-रविवारी पडला. कोल्हापुरात मराठीचे अध्यापन करून निवृत्त झाल्यावर सात वर्षांपूर्वी ते पत्नीसह मुलाच्या सदनिकेत राहावयास आले. होसकोटे म्हणजे नवा कोट. बेंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवरचे हे तालुक्याचे गाव आता महानगराच्या कडेला येऊन टेकले आहे. येथील इतिहास त्यांनी कसून अभ्यासला होता. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले, आणि पुढे होसकोटे, कोलार या परगण्यांसह ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६८ च्या ऑगस्टात याच होसकोट्याजवळ मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला. हे सारे त्यांना मुखोद्गत होते. कन्नड मात्र त्यांना येत नव्हते. मुलगा होता, सून होती, दुकानात बोटाने दाखविता येत होते. निकड कधी भासलीच नाही.

त्या शनिवारी त्यांच्याकडे दोन जुने मित्र यावयाचे होते. महाविद्यालयात असताना तिघे एका खोलीत राहत. खाणावळीचा एक डबा तिघांत वाटला जाई. त्या खोलीत यजमान कोण नि पाहुणा कोण, हे कधी कळले नाही. त्यांपैकी एक अजून कोल्हापुरातच आहेत. दुसरे बेळगावचे; जन्म १९५६ चा, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्याच वर्षातला. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ते तुरुंगात गेले, आणि बेंगळूरला पाय लावणार नाही असे तेव्हा बोलून बसले. चाळीसेक वर्षे त्यांनी तो शब्द पाळला. पण गेल्या वर्षी होसकोट्याच्या मित्राच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच दूरध्वनी करून कळविले, "अरे, शपथ पाळायला आता आयुष्य पुरायचं नाही. येतो."

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दोघे शनिवारी सकाळी बेंगळूरला उतरले. यजमानांनी दोन दिवसांचा कार्यक्रम कागदावर मांडून ठेवला होता : लालबाग, मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वराचे देऊळ, विधानसौध. वाहनांच्या गर्दीने त्यातील निम्मा कार्यक्रम गिळला. विधानसौधासमोरून मोटार जाताना यजमान अवघडून गप्प झाले. बेळगावचे स्नेही मात्र त्या ग्रॅनाइटच्या वास्तूकडे पाहून म्हणाले, "हीसुद्धा छप्पन्नचीच की. माझ्यापेक्षा बरी टिकलीय."

काडू मल्लेश्वराच्या आवारात यजमानांचा उत्साह परत आला. एकोजीराजांनी १६६९ मध्ये या देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, हे ते रंगून सांगू लागले. तेवढ्यात फुलवालीने काही विचारले. यजमान थबकले, उत्तर बेळगावकरांनी दिले आणि बाई हसू लागली. कोल्हापूरकरांनी विचारले, "काय म्हणाली रे?" प्रश्न यजमानांना होता. उत्तर पुन्हा बेळगावकरांनीच दिले, "हे कुठले पाहुणे म्हणून विचारते आहे." पाहुणे म्हणून तिने बोट दाखविले होते ते यजमानांकडे.

रात्री जेवताना जयराम पिंड्ये यांचा विषय निघाला. शहाजीराजांच्या बेंगळूरच्या दरबारात आलेल्या या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपल्याला बारा भाषांत कविता करता येते असे सांगितले, ही हकीकत यजमानांनी वर्गात अनेकदा सांगितली होती. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'ला वि. का. राजवाडे यांनी लिहिलेली प्रस्तावना हा तर त्यांच्या आवडीचा विषय. ते बोलत राहिले, आणि बोलता बोलता थांबले. कोणी काही म्हटले नाही. बारा नारळ घेऊन आलेल्या पाहुण्याची गोष्ट सांगणारा माणूस सात वर्षांत एकही नारळ घेऊन कोणापुढे गेला नव्हता.

रविवारी सकाळी तिघे होसकोट्याच्या तळ्याकडे फिरावयास निघाले. इमारतीच्या फाटकाशी रखवालदार उभा होता. यजमान रोज त्याला हात करीत. तो रोज उठून उभा राही. बेळगावकरांनी सहज विचारले, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का, एवढाच प्रश्न, पण तो उत्तर कर्नाटकाच्या बोलीतला होता. रखवालदाराचा चेहरा पालटला. तो विजापूरकडचा निघाला. मग तळे बाजूला राहिले आणि दोघांच्या गप्पा अर्धा तास चालल्या. दुपारी त्याची बायको फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन दाराशी आली. या नाचणीच्या मुलखात यजमानांनी इतकी वर्षे जी चव शोधली, ती जिन्याखालच्या खोलीत रोज तव्यावर भाजली जात होती. त्या दुपारी यजमानपद कोणाकडे होते, हे सांगणे कठीण आहे.

"अजून एक," बेळगावकर म्हणाले. "तरुणपणी तो पाच-सहा हंगाम सांगलीकडे ऊसतोडीला होता. मराठी चांगलं बोलतो."

"मग मला कधी बोलला नाही तो?"

"तू कधी विचारलंस?"

थोड्या वेळाने यजमानांनी मनातले विचारले, "तुला राग नाही येत या भाषेचा? इतकं सोसलंस."

"माझं भांडण सरकारशी आहे, आणि ते मी मरेपर्यंत करणार. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तो सोडलेला नाही. पण भाषेनं माझं काय घेतलं? शेजारच्या अक्कानं लहानपणी भात वाढला तो याच भाषेत. तूप त्यांचं तुप्प, अण्णा दोघांचेही. तुझं तर कुणाशीच भांडण नव्हतं रे. मग तू का नाही बोललास?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. परक्या भाषेचा द्वेष करणाऱ्याला निदान तिची दखल घ्यावी लागते; उदासीन माणसाला तेवढेही करावे लागत नाही. ज्या गावाची भाषा आपण ऐकत नाही, त्या गावात आपण कितीही वर्षे राहिलो तरी मुक्कामाला आलेले असतो. आणि जो स्वतःच मुक्कामाला आहे, त्याने पाहुण्यांना घर ते कोणते दाखवावे?

रविवारी रात्री मित्रांना गाडीत बसवून यजमान परतले, तेव्हा मध्यरात्र होत आली होती. फाटक उघडावयास रखवालदार उठला. त्याला मराठी येते, हे आता त्यांना ठाऊक होते. मराठीत बोलणे सोपे होते. ते थांबले, शब्द मनात जुळविले आणि अडखळत म्हणाले, "ऊटा आतेन्री?"

उच्चार चुकला असावा. रखवालदार क्षणभर पाहत राहिला, मग हसून म्हणाला, "झालं, सर. तुमचं?"

यजमान जिन्याकडे वळले, पुन्हा मागे फिरले, आणि सात वर्षांत प्रथमच त्यांनी त्याला त्याचे नाव विचारले.