जाताना किल्ली कोणाकडे?

वारंगा फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला दोनच उद्योग असतात. एक, इथली खिचडी खाणे; आणि दुसरा, जगाची चिंता करणे. पहिला उद्योग फार तर पंधरा मिनिटे पुरतो. दुसऱ्याला अंत नाही. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे चिंतेचे विषय मला विद्यार्थ्यांकडून आयतेच मिळतात.

मध्यंतरी एका वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता, ‘युद्ध संपताच जेत्या सैन्याने परका देश सोडून जावे.’ मुले हिरिरीने बोलली. कोणी बगदाद गाजवले, कोणी काबूल. अनुकूल बाजूची मुलगी म्हणाली, दुसऱ्याच्या घरात शिरलेल्याने तासभर जास्त राहणे हाही अपराधच. प्रतिकूल बाजूचा मुलगा म्हणाला, घराला आग लावून पळून जाणे हा त्याहून मोठा अपराध. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. पण एवढ्या भाषणांत हिंगोलीचे नाव एकानेही घेतले नाही, याचे मला नवल वाटले. ज्या प्रश्नासाठी ही मुले इराकपर्यंत गेली, तो त्यांच्या आजा-पणजांच्या अंगणात दोनदा येऊन गेलेला आहे.

पहिली गोष्ट जुनी आहे. फाट्यावरून एक रस्ता बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो. त्या हिंगोलीत एके काळी छावणी होती. निजामाच्या रक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी जी हैदराबाद कन्टिन्जन्ट फौज उभी केली, तिची ही एक छावणी. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि पगार निजामाच्या खजिन्यातून! लढाया संपल्या, पेंढारी संपले, ठग संपले. फौज मात्र संपली नाही. तिला ठेवण्याचे कारण दरवेळी नवे सापडे, आणि खर्च दरवेळी जुन्याच माणसाच्या माथी बसे. पगार थकला, थकबाकीचे कर्ज झाले आणि १८५३ साली डलहौसीने त्या कर्जापोटी वऱ्हाड प्रांतच हाताखाली घेतला. १९०२ साली कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. दुसऱ्या वर्षी कन्टिन्जन्ट हिंदी फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. म्हणजे पाहुणे गेले, पण शेत घेऊन गेले.

आमच्या फाट्यावरून दुसरा रस्ता हदगावकडून पैनगंगा ओलांडून उमरखेडला जातो. उमरखेड वऱ्हाडातले. एका रस्त्याच्या टोकाला ती फौज राहिली आणि दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला तिची किंमत. मुक्काम लांबवणाऱ्या सैन्याविषयी याहून सोपा धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

परंतु दुसरी गोष्ट इतकी सोपी नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आमच्या भागाने त्या सैन्याकडे परके म्हणून पाहिले नाही. रझाकारांनी गावेच्या गावे हैराण केली होती; सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून तरुण लढत होते; स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. अशा वेळी आलेली फौज लोकांना आपलीच वाटली, आणि मलाही ती आपलीच वाटते. निजामाचे सरकार मात्र स्वतंत्र देश म्हणून सुरक्षा समितीकडे तक्रार घेऊन गेले होते. तो कज्जा आता इतिहासाचा झाला. आजही १७ सप्टेंबरला आम्ही झेंडा लावतो आणि तो मनापासून लावतो.

पण झेंड्याबरोबर एक गोष्ट आम्ही हळूच घडी घालून ठेवतो. शरणागतीनंतरच्या दिवसांत सूड उगवला गेला. रझाकारांच्या पापाची शिक्षा अनेक ठिकाणी अशा मुसलमानांना झाली, ज्यांनी रझाकाराची काठीही कधी हातात धरली नव्हती. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून माहिती गोळा केली. किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. तो आकडा सर्वांनाच मान्य नाही. पण सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर आमचे नांदेडही धरले होते. काही ठिकाणी गणवेशातली माणसेच लुटीला सामील झाली, आणि कित्येक ठिकाणी त्याच सैन्याने माणसे वाचवली, अशी दोन्ही प्रकारची साक्ष त्यात आहे. अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही.

माझ्या आजीने कोणताही अहवाल वाचला नव्हता. ती त्या वर्षी सोळा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. ती सांगे: गावात लष्कराची गाडी आठ दिवस उभी होती. शेजारचे पिंजारी कुटुंब घाबरून रात्रीतून नात्यातल्या गावी निघून गेले. घर उघडे पडले. बाहेरगावची टोळी वेशीपर्यंत आली आणि गाडी पाहून परतली. मग गाडीला पुढे जाण्याचा हुकूम आला. निघण्यापूर्वी एका जवानाने त्या घराला कुलूप घातले आणि किल्ली हातात घेऊन तो गल्लीत उभा राहिला. त्याची भाषा कोणाला कळेना, गावाची त्याला कळेना. पाटील समोर होता, दोन-चार तरणीताठी मंडळीही हात पुढे करायला तयार होती. जवान सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहिला. शेवटी आजीच्या सासूने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढे केला. “आण इकडं,” एवढेच ती म्हणाली. जवानाने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

संक्रांतीच्या सुमारास पिंजारी परतले. शेळ्या गेल्या होत्या, त्या कोणी नेल्या ते सगळ्या गावाला ठाऊक होते. पण घर होते, जाते होते, पिंजणाची कमान खुंटीला होती. गाडी गेल्यावर रात्री दोन वेळा माणसे त्या किल्लीसाठी आमच्या दाराशी आली होती. दोन्ही वेळा पणजी उंबऱ्यावर बसून राहिली. “गाडी होती तोवर कोणाचं भ्यावच नव्हतं,” आजी म्हणे, “खरं राखणं तर गाडी गेल्यावर!”

मला वाटते, सैन्याने परतावे की नाही, या वादात आपण नेहमी गाडीकडेच पाहतो, किल्लीकडे पाहत नाही.

इराकात २००३ साली अमेरिकेने आधी राज्य मोडले, मग मे महिन्यात तिथली फौजही बरखास्त केली. म्हणजे किल्ली घेणारे हातच तोडले. २०११ च्या डिसेंबरात ती फौज परतली आणि २०१४ च्या जूनमध्ये मोसूल पडले. अफगाणिस्तानात वीस वर्षे राहूनही १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल एका दिवसात गेले. मग राहण्याने काय साधले? उलट १९७१ च्या १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेना शरण आली, आणि १२ मार्च १९७२ रोजी आपल्या फौजेने तिथे निरोपाचे संचलन केले. तीन महिने पुरे झाले नव्हते! शेख मुजीब परतले होते, लोकांनी निवडलेला माणूस दारात उभा होता, त्याने ‘आता या’ म्हटले आणि आपण आलो. १९७५ साली मुजीबांचा खून झाला, हे खरे. पण घरमालकाचे पुढे काय होईल, याची हमी राखणदाराला देता येत नाही. श्रीलंकेत १९८७ साली आपण शांतिसेना म्हणून गेलो आणि अकराशेहून अधिक जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतलो. तिथे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी ‘जा’ म्हटल्यावरही महिने लागले.

आणि हैदराबाद? मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल १९४९ च्या अखेरीपर्यंत चालला. त्या काळात जहागिऱ्या नष्ट झाल्या, हे मोठेच काम. पण रझाकारांसाठी आलेली फौज तेलंगणात कम्युनिस्ट शेतकऱ्यांच्या लढ्याविरुद्ध जुंपली गेली आणि १९५१ साली तो लढा मागे घेतला जाईपर्यंत गुंतून राहिली. एका कामाला आलेल्या फौजेला दुसरे काम मिळते, ते असे. लष्करी गव्हर्नरानंतर मुलकी अधिकारी वेलोडी आले, तेही नेमलेलेच. बाहेरून आणलेल्या नोकरवर्गाविरुद्ध १९५२ साली मुल्की आंदोलन पेटले आणि गोळीबारापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, तेव्हा कुठे लोकांनी स्वतः निवडलेल्या हातात किल्ली गेली. साडेतीन वर्षे लागली. माझ्या मते ती फार झाली. तुरुंगातून सुटलेली, गावोगाव ओळखलेली माणसे दारातच उभी होती.

तुम्ही म्हणाल, हात तयार नसतील तर? मग सैन्याने थांबू नये काय? थांबावे, पण हात तयार आहेत की नाहीत, हे सैन्याने ठरवू नये. हिंगोलीच्या छावणीने पन्नासांहून अधिक वर्षे तेच तर ठरवले! राखणदाराला घरमालक कधीच शहाणा वाटत नाही. विशेषतः पगार घरमालकच देत असेल तर. ज्या देशात फौज आहे, तिथल्या माणसाला ‘आता जा’ म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर त्याला उद्या सकाळी अटक होत नाही ना, एवढीच माझी कसोटी. ते म्हणता येत नसेल तर ते म्हणण्याची सोय करणे, मतपेटी ठेवणे, न्यायाधीश बसवणे, तिथलाच शिपाई उभा करणे, हेच थांबलेल्या सैन्याचे एकमेव काम. बाकी सारी कामे म्हणजे मुक्काम लांबवण्याचे बहाणे.

स्पर्धेत मी पहिले पारितोषिक त्या अनुकूल बाजूच्या मुलीला दिले. नंतर तिने विचारले, “सर, तुमचं मत माझ्याच बाजूचं आहे ना?” मी म्हटले, “आहे. सैन्याने जावे, लवकर जावे. पण तुझ्या भाषणात सैन्य निघून गेल्यावरची पहिली रात्र कुठेच नव्हती. पुढच्या फेरीत तिच्याबद्दल बोल.”

तिने वही उघडली आणि लिहून घेतले.