चुन्याखालचे चित्र

आमच्या धर्मग्रामातील एका पाड्यावर छोटे प्रार्थनागृह आहे. त्याची वेदीमागील भिंत आज पांढरीशुभ्र आहे. ती कोणी पांढरी केली, हे मला या लेखात सांगायचे आहे. परंतु त्याआधी वाचकांना थोडे दूर, मॉस्को आणि पॅरिस या नगरांत न्यावे लागेल. सातपुड्याच्या पायथ्याशी सेवा करणाऱ्या धर्मगुरूने रशियन चित्रकारांविषयी लिहावे हे काहीसे विचित्रच. पण त्या चित्रकारांची ओळख झाली नसती, तर त्या भिंतीविषयीही मी कधी लिहिले नसते.

माझा एक वर्गबंधू काही वर्षे फ्रान्समध्ये सेवेत होता. परत येताना त्याने आमच्या मिशनच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची एक पेटी आणली. तीत एक जाडजूड ग्रंथ होता. १९८९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रप्रदर्शनाची ती सूची होती. मला फ्रेंच येत नाही. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की पाड्यांवर जाणे बंद होते; अशा एका संध्याकाळी केवळ चित्रे पाहावीत म्हणून तो ग्रंथ मी उघडला आणि पाने उलटता उलटता एकदम थांबलो. इल्या काबाकोव्ह या मॉस्कोच्या चित्रकारानंतर काही पाने उलटली, तर समोर जिव्या सोमा मशे! आपल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार. या दोघांना एका छताखाली कोणी आणि का आणले असावे, या कुतूहलापोटी पुढे बरेच वाचन घडले.

काबाकोव्ह यांच्या पिढीची कथा आधी सांगतो. सोव्हिएत रशियात चित्रे काढण्यास बंदी नव्हती. मात्र चित्र कशाचे आणि कोणत्या पद्धतीचे असावे, हे शासन ठरवीत असे. आनंदी कामगार, भरघोस पिके, दूरदृष्टीचे नेते. कलावंतांच्या अधिकृत संघाचे सभासद झाल्याशिवाय ना चित्रशाळा मिळे, ना प्रदर्शन. ज्यांना हे मानवत नव्हते, ते आपली चित्रे घराच्या खोलीत, माळ्यावर, मित्रांपुरती दाखवीत. ऑस्कर राबिन यांनी मॉस्कोच्या कडेच्या लाकडी चाळी रंगविल्या, वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेला मासा रंगविला. त्यात राज्य उलथविण्यासारखे काय होते, असे आज कोणालाही वाटेल. परंतु सर्वत्र सुख नांदत आहे असे ज्या राज्याने जाहीर केले आहे, तेथे गळकी चाळ काढणे हा गुन्हाच ठरतो.

१५ सप्टेंबर १९७४ रोजी राबिन आणि त्यांच्या मित्रांनी मॉस्कोच्या बाहेरील बेल्यायेवो भागातील एका मोकळ्या मैदानावर आपली चित्रे मांडली. सभागृह कोणी देईना, म्हणून उघड्यावर. शासनाने बुलडोझर आणि पाण्याचे टँकर पाठविले. चित्रे चिखलात तुडविली गेली, काही जणांना अटक झाली. विदेशी वार्ताहर तेथे हजर असल्याने ही वार्ता जगभर पसरली आणि ओशाळलेल्या शासनाने दोनच आठवड्यांनी इझमाइलोवो उद्यानात चार तासांच्या प्रदर्शनास अनुमती दिली. त्या चार तासांत हजारो माणसे लोटली. १९७७ साली लंडनमध्ये आणि व्हेनिसमध्ये या मंडळींची चित्रे मांडली गेली, तेव्हा व्हेनिसच्या प्रदर्शनाविरुद्ध सोव्हिएत सरकारने इटलीकडे निषेध नोंदविला. चित्रे सीमेपलीकडे पोहोचत होती. ती काढणाऱ्यांना मात्र घरी राहणे कठीण होत गेले. राबिन १९७८ साली परदेशात असतानाच त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. ते पॅरिसमध्ये राहिले.

काबाकोव्ह यांचा मार्ग निराळा होता. पोटासाठी ते मुलांच्या पुस्तकांत चित्रे काढीत. ते काम शासनमान्य होते. स्वतःचे खरे काम ते एका जुन्या इमारतीच्या माळ्यावरील चित्रशाळेत करीत. एका खोलीतील माणूस छताला भोक पाडून अंतराळात निघून गेला आहे आणि मागे उरली आहे ती त्याची गोफणीसारखी झोळी व भिंतीवरची भित्तिपत्रके, अशी त्यांची एक प्रसिद्ध रचना आहे. धर्मगुरू म्हणून मला ती हसवतेही आणि बेचैनही करते. छताला भोक पाडून बाहेर पडावेसे वाटणारी माणसे कबुलीजबाबाच्या पेटीपाशी मी पुष्कळ पाहिली आहेत.

१९८९ च्या त्या पॅरिस प्रदर्शनाचे संयोजक झाँ-युबेर मार्तँ यांनी जगभरातून शंभराच्या आसपास कलावंत निवडले. सुमारे निम्मे युरोप-अमेरिकेतील नामवंत, तर निम्मे आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशा प्रदेशांतील, ज्यांना कलासंग्रहालयांनी तोवर ‘कलावंत’ म्हणून फारसे ओळखलेच नव्हते. गोर्बाचेव्ह यांच्या काळात रशियाची दारे किलकिली झालेली असल्याने काबाकोव्ह आणि एरिक बुलातोव्ह तेथे होते. आणि होते आपले मशे.

जिव्या सोमा मशे यांची हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. लहानपणी आई गेली आणि त्यांची वाचाच गेली. बोलायचे ते मातीत बोटाने रेघा ओढून बोलत. वारली समाजात लग्नाच्या वेळी गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, तो मान सुवासिनींचा. मशे पुरुष असून लिहू लागले, आणि सणासमारंभाची वाट न पाहता रोज लिहू लागले. ‘काढणे’ नव्हे, ‘लिहिणे’ हाच तेथला शब्द आहे आणि मला तो फार आवडतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे सरकारी हस्तकला विभागातील कलावंत त्या भागात पोहोचले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरची रेघ कागदावर आली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. समुद्रातील मासे वेढणारे त्यांचे जाळे एकदा पाहिले की विसरता येत नाही. शेकडो बारीक रेघा, आणि एकही उगाच ओढलेली नाही. ते २०१८ साली गेले. राबिनही त्याच वर्षी गेले. काबाकोव्ह २०२३ साली.

या दोन कथा मी एकमेकींशेजारी ठेवतो आहे, पण त्या सारख्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मशे यांच्यावर कोणी बुलडोझर पाठविला नाही. त्यांच्या समाजाच्या भिंतींना बंदी नव्हती. त्या भिंतींवर काही पाहण्याजोगे आहे असे बाहेरच्यांना वाटतच नव्हते. रशियन शासन निदान आपल्या चित्रकारांना घाबरत तरी होते. आपण आदिवासींच्या चित्रांना घाबरलोही नाही. आपण त्यांच्या घरांत पाणी प्यालो, भिंतीला पाठ टेकून बसलो आणि उठताना पाठीला लागलेले पीठ झटकले. यांपैकी कोणती अवस्था अधिक वाईट, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

आपल्या ख्रिस्तसभेतही असे एक उदाहरण घडून गेले आहे. अँजेलो द फोन्सेका हे गोव्यातील सांतो इस्तेव्हचे, जन्म १९०२. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मन रमेना, म्हणून ते शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरिया रंगविली ती सावळी, साडी नेसलेली, आपल्याच गावातील एखाद्या बाईसारखी. पोर्तुगीज अमलाखालील तेव्हाच्या गोव्यातील भाविकांना ते सोसले नाही. पवित्र माता गोरीच असली पाहिजे, निळा झगा ल्यालेलीच असली पाहिजे! फोन्सेकांनी गोवा सोडला आणि पुण्यात, शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला. तो आश्रम अँग्लिकनपंथीयांनी स्थापिलेला. आमच्या कॅथलिक चित्रकाराला कॅथलिक घरातून निघून शेजारच्या पंथाच्या घरी राहावे लागले. फादर हेन्री हेरास या येशूसंघीय इतिहासकारांनी त्यांची पाठराखण केली, आणि १९५० च्या पवित्र वर्षात रोममध्ये मिशन प्रदेशांतील कलेचे प्रदर्शन भरले तेव्हा फोन्सेकांची चित्रे तेथे मांडली गेली. गावच्या चर्चमध्ये ज्या मरियेला जागा नव्हती, तिला रोममध्ये मिळाली. फोन्सेका १९६७ साली पुण्यातच वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यात, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

विद्यार्थिदशेत नगर रस्त्यावरील आमच्या सेमिनरीतून सायकलने मी त्या आश्रमात दोन-तीनदा गेलो होतो. फोन्सेका हे नाव तेव्हा मला कोणी सांगितले नाही, मीही कोणाला विचारले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली पूजाविधीविषयक दस्तऐवजात म्हटले आहे की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला तिच्यात वाव असावा. यावर मी परीक्षेत उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले मिळाले होते.

आता ती भिंत. मी या धर्मग्रामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. नाताळापूर्वी पाड्यावरील मंडळींनी प्रार्थनागृह सारवून स्वच्छ केले होते. कुडाच्या भिंती, वर कौले. आमच्याकडे वारली नाहीत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा असे समाज आहेत आणि प्रत्येकाच्या भिंतीची रीत निराळी. तेथल्या धर्मशिक्षकाच्या वृद्ध आईने ओल्या भिंतीवर रात्रभर बसून एक चित्र लिहिले. मोहाचे झाड, झाडाखाली फडक्याच्या झोळीत बाळाला पाठीशी बांधलेली आई, डोक्यावर धान्याची टोपली, बाजूला काठी घेतलेला योसेफ आणि कोंबड्या. पुष्कळ कोंबड्या. मी सकाळी पोहोचलो तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

त्याच दुपारी प्रार्थनागृहाच्या नव्या बांधकामास मदत करू इच्छिणारे काही देणगीदार शहरातून येणार होते. पाड्यातील दोन ज्येष्ठ मंडळी मला बाजूला घेऊन म्हणाली, “फादर, ही तर याहामोगीसारखी दिसते. पाहुणे काय म्हणतील?” आमच्या भागात याहामोगी ही धान्याची माता म्हणून पूजिली जाते; ‘याहा’ म्हणजे आई. त्यांची भीती खोटी नव्हती. मी थोडा वेळ विचार केल्यासारखे केले. खरे तर विचार केला नाही. चुन्याची बादली आणविली. तासाभरात भिंत पांढरी झाली आणि तिच्यावर मुंबईहून आणलेली, काचेच्या चौकटीतली पवित्र कुटुंबाची तसबीर टांगली. पाहुण्यांनी तिच्यापुढे छायाचित्रे काढून घेतली. आजी मिस्सेला आली, नेहमीच्या जागी बसली, तिने पवित्र भाकर घेतली. काही बोलली नाही. तिच्या कोपराजवळ थोडे पीठ तसेच राहिले होते, ते मला स्पष्ट दिसले.

पॅरिसच्या त्या ग्रंथातील मशे यांच्या पानावर त्या पावसाळी संध्याकाळी मी थांबलो, तो याच कारणाने. बेल्यायेवोच्या मैदानाची हकिकत वाचताना बुलडोझर चालविणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनातून जाईना. त्याला चित्रांचा द्वेष असेल असे वाटत नाही. त्याला कोणीतरी सांगितले असेल की पाहुणे येणार आहेत, मैदान साफ हवे.

पूर ओसरल्यावर मी आजीकडे गेलो. तिची क्षमा मागितली. तिला ती गोष्ट आठवत होती, पण मी ती इतकी मनाला लावून घेतल्याचे तिला नवल वाटले. पुन्हा लिहाल का, असे विचारल्यावर तिने हात पुढे करून दाखविले. बोटे थरथरत होती. मग म्हणाली, “तेव्हा भिंत ओली होती, फादर. कोरड्या भिंतीवर धरत नाही.” तिची नात जवळच बसली होती. ती शहादा येथे महाविद्यालयात शिकते. तिने आजीकडून चार आकृत्या शिकल्या आहेत, वहीत, पेनने.

यंदा प्रार्थनागृहाची ती भिंत पाडून पुन्हा बांधायची आहे. मी हा विषय पाड्याच्या सभेत ठेवला: वेदीमागे चित्र असावे का, कोणते, कोणी लिहावे. मला वाटले होते की मंडळी आनंदून जातील. तसे झाले नाही. एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा सुरतला नोकरी करतो, उठून म्हणाले की कुडाच्या भिंती आणि पिठाची चित्रे यांतून बाहेर पडण्यासाठीच आम्ही मुले शिकविली. शहरातल्या चर्चमध्ये संगमरवरी मूर्ती आणि आमच्या चर्चमध्ये मात्र कोंबड्या का? जंगलातली माणसे म्हणून आम्हांला आतापर्यंत कमी हिणवले गेले का? त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. पॅरिस आणि रोमचे दाखले मी दिले असते, तर तेही बाहेरून आलेल्या माणसाने बाहेरचेच काहीतरी लादण्यासारखे झाले असते. एकदा चुना लादला, आता चित्र.

स्त्रिया बराच वेळ गप्प होत्या. शेवटी एकीने विचारले की भिंत विटांची होणार की कुडाची. विटांची, सिमेंटचा गिलावा, असे मी सांगितले. तिने मान हलविली आणि म्हणाली की मग आधी एक कोपरा मातीने सारवून द्या, त्यावर नात काय लिहिते ते पाहू, नंतर बोलू. सभा तेथेच उठली. माती आणावयाची आहे. नदीकाठची चालेल की शेतातली, हे आजीला विचारण्यासाठी मी उद्या तिच्याकडे जाणार आहे.